होडीचा टप

माझ्या बायकोबद्दल आमच्या दोन्ही घरांत एक वाक्य रूढ आहे. तिला पाण्याची भीती वाटते. गिरगावात आमच्याकडे ते सगळ्यांना ठाऊक आहे, डिलाईल रोडला तिच्या माहेरी ठाऊक आहे, आणि आमची होडी जिथे नांगरलेली असते त्या धक्क्यावर होड्या सांभाळणाऱ्या तांडेलालाही ठाऊक आहे. आमची मुलगी लहानपणी पोहण्याच्या तलावाच्या पायरीवर नुसतीच बसून राहिली, तेव्हा माझी आई म्हणाली, आईवर गेलीय. विसर्जनाला चौपाटीवर गेलो की कोणीतरी हटकून म्हणतं, हिला वाळूतच उभी करा रे. ती हसते. इतकी वर्षं मीही हसत आलो.

हे वाक्य मी सुरू केलं. ते खरं नाही. माझं वय आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलं आहे. मी गेल्यावर ते खोडायला कोणी उरणार नाही, कारण ती स्वतः ते कधी खोडणार नाही, तिचा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो.

निमित्त झालं ते कॅनव्हासच्या एका टपाचं.

होडी म्हणजे फार मोठी नाही. मी विमा कंपनीत होतो. तिथल्या एका सहकाऱ्यामुळे शिडाच्या होडीचा नाद लागला आणि आम्ही तिघांनी मिळून एक जुनी लाकडी होडी घेतली. पुढे डोलकाठी आणि शीड, मागे बसायचा खळगा. त्या खळग्याला कॉकपिट म्हणतात. सुकाणू धरणारा तिथे बसतो, पाहुणेही तिथेच बसतात, आणि वारा समोरून असला की लाटेचं पाणी उडून थेट त्यांच्या अंगावर येतं. तिघांपैकी एक मित्र वारला. दुसरा माझ्यापेक्षा बराच लहान. त्याला इथे भागीदार म्हणतो. गेल्या दिवाळीत भागीदार म्हणाला की तो पुण्याला मुलीकडे राहायला जाणार आहे, तर हा मोसम संपला की होडी देऊन टाकू. माझे गुडघे पाहता वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी बरं म्हटलं. घरी येताना मात्र एकच गोष्ट डोक्यात राहिली, की होडी जायच्या आधी बायकोने एकदा तीत बसायला हवं.

तशी ती एकदा बसली होती. होडी घेतली त्याच वर्षी. मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि मला बायकोपुढे जरा मिरवायचं होतं. म्हणून मित्रांपैकी कोणाला न घेता आम्ही दोघंच निघालो. तिने घावणे आणि खोबऱ्याची चटणी डब्यात भरून घेतली होती. सकाळ छान होती. बंदराच्या तोंडाशी गेल्यावर तिने लांबवर बोट केलं. तिकडे पाणी काळपट दिसत होतं. तिच्या आजोळी खाडीवर मामांची होडी होती, सुट्टीत गावी गेली की ती त्या होडीत बसायची. ती म्हणाली, "तिकडून वारा येतोय. शीड उतरवा." मी नुकताच शिडाच्या होड्यांच्या क्लबात रीतसर शिकलो होतो. मी म्हटलं, बघ तू गंमत.

वारा आला आणि होडी एका अंगावर झुकली. अशा वेळी शिडाची दोरी सैल सोडायची असते, बाकी काही करायचं नसतं. हे मला तोंडपाठ होतं. पण माझा हात दोरीवर आवळला गेला आणि उघडेना. खरंच उघडेना. पाणी काठावरून आत येत होतं आणि मी त्या मुठीकडे बघत बसलो होतो. तिने डब्यातले घावणे समुद्रात फेकले आणि त्याच डब्याने पाणी उपसायला सुरुवात केली. उपसताना ती माझ्याशी बोलत होती, हळू, मुलीला ताप असला की बोलायची तशी. शेवटी एका मासेमारीच्या बोटीने आम्हाला दोर टाकला आणि ओढत धक्क्याला आणलं.

धक्क्यावर क्लबातले चार लोक जमले होते. काय झालं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, बायको घाबरली. म्हणून म्हटलं मदत घेऊ." ती माझ्या शेजारीच उभी होती, पदर पिळत. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग खाली वाकून डबा उचलला. घरी पोचेपर्यंत ती चटणीच्या भांड्याबद्दल बोलत होती. ते माझ्या आईचं होतं आणि ते समुद्रात गेलं होतं.

मला वाटलं होतं घरी भांडण होईल. झालं नाही. पुढच्या रविवारी मी तिला म्हटलं, चल, आज वारा नाही. ती म्हणाली, "नको हो, मी घाबरते ना." चेहरा अगदी सरळ. तेव्हापासून मी विचारायचो आणि ती हेच उत्तर द्यायची, चारचौघांत द्यायची, आणि सगळे हसायचे. त्या वाक्याचा अर्थ फक्त आम्हा दोघांना कळायचा. हळूहळू मी विचारणं सोडून दिलं. बाकी संसारात तिने मला कशालाच नाही म्हटलेलं नाही, हेही इथे लिहायला हवं.

तर दिवाळीनंतर मी मनाशी एक युक्ती काढली. कॉकपिटच्या पुढच्या अंगाला कॅनव्हासचा टप बसवायचा, जीपला असतो तसा. पाइपच्या दोन कमानी, त्यावर ताणलेलं कापड, खाली टिच बटणं. पाणी अडेल, तिच्या अंगावर उडणार नाही, आणि मग मला म्हणता येईल की आता कसली भीती. आज हे लिहिताना लाज वाटते. टप करायला निघालो तेव्हाही मी ते खोटं खरं धरूनच निघालो होतो.

भागीदाराने कमानी वाकवून आणल्या. मापाचा कागदी नमुना कापण्यासाठी आम्ही होडीवर वर्तमानपत्रं चिकटवत होतो आणि वारा ती उडवत होता. एक पान उडून शेजारच्या मोठ्या बोटीवर गेलं, तिथल्या माणसाने ते वाचून परत दिलं. कॅनव्हास मशीद बंदरहून आणला, जाड सुती. घरी बायकोच्या मशीनवर बसलो. पहिली सुई मोडली, दुसरी मोडली. ती स्वयंपाकघरातून आली, कापडाचं टोक बोटांत धरून चोळलं आणि विचारलं, हे भिजवलंय का आधी? मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, कोरं कापड आहे, पाणी लागलं की आटेल, मग तुमची बटणं लागायची नाहीत. तिचे वडील गिरणीत होते. कोरं कापड न भिजवता बेतणं त्यांच्या घरात पाप समजत. कापड बाथरूममध्ये भिजलं, मग गच्चीवर वाळलं. सोसायटीच्या सेक्रेटरीने वर येऊन तंबू कोणाचा म्हणून चौकशी केली. वाळल्यावर ते खरोखरच वीतभर आखूड झालं होतं.

"आता हे ह्या मशीनवर व्हायचं नाही," ती म्हणाली. "भावाकडे नेऊ."

तिचा धाकटा भाऊ अजून डिलाईल रोडला त्याच चाळीत राहतो. गल्लीतल्या गणपतीच्या मांडवाचं कापड कित्येक वर्षं त्यानेच शिवलं. त्यासाठी घेतलेलं जड मशीन त्याच्या दाराबाहेर गॅलरीत असतं, ताडपत्रीखाली झाकलेलं. मांडवाचं कापड शिवायची त्यांची एक रीत आहे. मशीनवर एक जण बसतो आणि बाकीचे गॅलरीत दोन्ही बाजूंना ओळीने उभे राहून कापड उचलून धरतात. पुढचे ओढत नाहीत आणि मागचे ढकलत नाहीत, सगळे नुसतं वजन झेलतात. शिवण संपेपर्यंत कोणी हात सोडायचा नाही. आमचा टप तसा लहानच, पण ती मशीनवर बसली आणि तिची भावजय, शेजारची एक बाई, मेहुणा आणि मी, असे सगळे आपोआप आपापल्या जागी उभे राहिलो. येणारेजाणारे कापडाखालून वाकून जात होते.

टप तीन पट्ट्यांचा होता. एकीवर दुसरी चढवून दोन ओळी शिवण घालायची. मेहुण्याने सुरुवातीलाच सांगितलं की वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढली पाहिजे. "कौलांसारखी, भावजी. म्हणजे पाणी निथळून खाली जाता." मी नकाशा काढला होता, त्यात मापं सगळी होती, पण कुठली पट्टी कोणावर हे काही नव्हतं. मी म्हटलं, बरोबर. बायको म्हणाली, तर काय. शेजारच्या बाईनेही मान डोलावली. आम्हा सगळ्यांचा जन्म छपराखाली गेलेला. उलट चढवावी असं कोणाच्या मनातच आलं नाही.

मशीन चालू होतं, बोलणंही चालू होतं. गल्लीतल्या नवीन टॉवरच्या गोष्टी झाल्या, कोणाच्या तरी सुनेची तक्रार झाली. मग मेहुणा म्हणाला, "ताय, तू टप शिवतंस खरी, पण त्यात बसतलो कोण? तू तर पाण्याक भियतंस."

भावजय म्हणाली, "वन्सं बसतायत कुठल्या. ह्यांना बादली भरलेली दिसली तरी घाम फुटतो."

सगळे हसले. कापड थोडं हललं. मशीन थांबलं. बायकोने सुई वर घेतली, दोऱ्याचं टोक पाहिलं, पण मान वर केली नाही. मला वाटलं, आता. माझ्या दोन्ही हातांत कॅनव्हास होता.

मी म्हटलं, "त्या दिवशी वारा फार होता. आणि हिने आधीच सांगितलं होतं शीड उतरवा म्हणून. मी ऐकलं नाही."

मेहुणा म्हणाला, "म्हणजे ताय बरोबर होती."

"होय."

"मग ती घाबरली कशाक?"

इथेच बाकीचं सांगायचं होतं. ऐकणारे चारच लोक, सगळे घरच्यासारखे. मी हातातलं कापड उगाचच नीट केलं आणि म्हणालो, जाऊ दे, जुनी गोष्ट झाली. बायको म्हणाली, "धरा नीट, तिरकं जातंय," आणि मशीन पुन्हा सुरू झालं. मी निम्मंच सांगितलं होतं. बाकीचं निम्मं आत राहिलं आणि ते आधीपेक्षा जड झालं.

परत येताना टॅक्सीत गुंडाळलेला टप तिच्या मांडीवर होता. चिंचपोकळीच्या पुलावर गाडी अडकली. ती टिच बटणांवरून बोटं फिरवत म्हणाली, "लावून बघायला हवा. पाणी अडतं की नाही ते आपल्याला नुसतं घरात बसून कसं कळणार? मी येईन."

मी तिच्याकडे पाहिलं.

"टप बघायला येईन," ती म्हणाली.

जानेवारीतल्या एका सकाळी गेलो. तिने मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घातला होता आणि डोक्याला रुमाल बांधला होता. तांडेलाने तिला उतरवायला हात पुढे केला, तोवर ती होडीत पोचलीही होती. भागीदाराने टप कमानींवर चढवला. सगळी बटणं लागली. बायको ती दोन-दोनदा दाबून पाहत होती. ती टपामागे बसली, सुकाणूवर भागीदार होता आणि शिडाची दोरी माझ्या हातात होती. बंदराच्या आत पाणी शांत होतं. भागीदार तिला समोरची ठिकाणं दाखवत होता आणि ती ऐकून घेत होती, जरी तिला ती सगळी माहीत होती.

बाहेर पडलो तसं नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पाणी फुटायला लागलं. पहिली लाट टपावर थाडकन बसली आणि आत थेंबही आला नाही. तिने आतल्या बाजूने तळवा लावून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. दुसरी बसली. तिसऱ्या लाटेनंतर खालच्या शिवणीवर एका ओळीत थेंब उभे राहिले, आणि मग ती ओळच्या ओळ तिच्या मांडीवर सांडली. चौथ्या लाटेला तर शिवणीतून पिचकारी आली.

ती वाकून शिवणीकडे बघत राहिली. मग हसायला लागली.

"अहो, आपण मांडव शिवलाय. पाऊस वरून येतो. हे पाणी खालून वर येतंय, सरळ पट्टीच्या तोंडात."

ती खरंच हसत होती, ओल्या मांडीवर हात आपटून. मीही हसलो असतो. पण त्याच वेळी मला तिच्या खांद्यावरून पलीकडे काळपट पाणी दिसलं, तसंच, तिकडूनच. होडी झुकायला लागली आणि मला कळलं की माझी मूठ दोरीवर आवळली गेली आहे. इतक्या वर्षांत मी हजारदा ती दोरी सोडली होती. पण तेव्हा बायको होडीत नव्हती.

भागीदाराला तिची भिजलेली मांडी दिसली. तो अदबीने म्हणाला, "वहिनी, परत फिरू या का? तुम्हाला भीती वाटत असेल तर संकोच करू नका."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती रुमालाने शिवण टिपत होती. तिने नेहमीचं उत्तर दिलं असतं तर मी पुन्हा सुटलो असतो. तिने ते दिलं नाही.

मी म्हटलं, "तिला नाही. मला भीती वाटते आहे. शीड उतरव."

भागीदाराला वाटलं मी चेष्टा करतो आहे. मी म्हटलं, "खरंच सांगतोय. मागे मासेमारीच्या बोटीने ओढून आणलं होतं तेव्हाही मीच घाबरलो होतो. माझा हात उघडत नव्हता. ही डब्याने पाणी उपसत होती. धक्क्यावर मी हिच्यावर ढकललं."

वाऱ्यामुळे हे सगळं मला ओरडून सांगावं लागलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट मी समुद्रावर ओरडून सांगत होतो आणि भागीदार "काय? काय?" करत होता. त्यामुळे काही भाग दोनदा सांगावा लागला.

बायकोने हात पुढे करून माझ्या मुठीवर ठेवला. "आधी दोरी सोडा," ती म्हणाली. "हात बघा किती लाल झालाय." तिने एकेक बोट उघडलं. दोरी सुटली, होडी सरळ झाली. भागीदाराने सुकाणू तिच्याकडे दिलं आणि तो शीड उतरवायला पुढे गेला. तिने सुकाणू धरलं ते सवयीने, फार न दाबता. मामांच्या होडीत ती लहानपणी कुठे बसायची हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

पुढे कधीतरी बसवून घेतलेलं छोटं इंजिन लावून आम्ही परत आलो. तांडेल धक्क्यावर उभाच होता. आम्ही लवकर परतलेलो पाहून तो हसला आणि म्हणाला, "काय मॅडम, घाबरलात ना?"

ती होडीतून उतरत होती. म्हणाली, "साहेबांना विचारा."

मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, होतं साहेब असं. मग तो दुसऱ्या होडीचा दोर धरायला गेला. ज्या वाक्याने तिला इतकी वर्षं धक्क्यावर उभं ठेवलं, ते खोडायला एवढाच वेळ लागला.

घरी आल्यावर तिने टप गोड्या पाण्याने धुतला, वाळवला आणि शिवणी उसवायला घेतल्या. खालची पट्टी आता वरच्या पट्टीवर चढवायची, म्हणजे तोंड मागच्या बाजूला जाईल. मी दोरे उपटतो आहे. जुन्या सुईची भोकं कॅनव्हासवर ओळीने राहिली आहेत, ती मेण चोळून बुजवावी लागतील. होडी मे महिन्यात जाणार आहे, तोवर आणखी दोन-तीनदा जाऊ म्हणते. मी अजून तिची माफी मागितलेली नाही. परवा तो विषय काढला तर म्हणाली, "चटणीचं भांडं आणून द्या आधी."

शिवायला पुन्हा डिलाईल रोडलाच जायचं आहे, येत्या रविवारी. तेच सगळे गॅलरीत कापड धरून उभे असतील. मेहुण्याने विचारलेला प्रश्न तसाच राहिला आहे. मला तोंडाने नीट सांगता येईल की नाही याची अजून खात्री नाही, म्हणून हे कागद बरोबर नेणार आहे. सगळ्यांनी कापड उचललं की मशीन सुरू व्हायच्या आधी वाचीन, एका हातात कापड, एका हातात कागद. कापड हातात घेतल्यावर कोणाला जागा सोडून जाता येत नाही, मलाही नाही.